संशोधकाच्या नावापुढचे आकडे कसे वाचावेत

गावातील कुणी जैववैद्यकीय संशोधनात नाव काढले की मंडळातर्फे सत्कार ठरतो आणि निमंत्रणपत्रिकेत ‘८० शोधनिबंध, ३,५०० सायटेशन, एच-इंडेक्स २८’ अशी ओळ छापली जाते. सभागृहात बसलेल्या बहुतेकांना त्यातला ‘८०’ हा आकडा थोडाफार समजतो, बाकीचे दोन मोठे आहेत एवढेच कळते आणि टाळ्या पडतात. कोकणात अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत, तेथील अध्यापकांच्या बढतीलाही शोधनिबंधांची अट लागू आहे, आणि त्यामुळे हे आकडे यापुढे आपल्या कानांवर अधिक वेळा पडणार आहेत. ते कशाचे मोजमाप करतात आणि कशाचे करत नाहीत, हे समजून घेण्यासाठी गणिताची फारशी गरज नाही. शिवाय समजावून सांगायला लागणारे उत्तम उदाहरण मुंबई-गोवा महामार्गावरील महाडमध्येच सापडते.

संशोधकाचे काम जगासमोर येते ते मुख्यतः शोधनिबंधाच्या रूपाने. काय प्रश्न घेतला, कोणत्या रुग्णांवर किंवा पेशींवर प्रयोग केला, मोजमाप कसे केले आणि निष्पन्न काय झाले, हे ठरावीक साच्यात लिहून तो एखाद्या नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांना वाचायला देतात. ते शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात, पुष्कळदा निबंध परतही जातो. छापून आल्यानंतर पुढे कधी दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधाच्या शेवटी दिलेल्या संदर्भसूचीत या निबंधाचा उल्लेख केला, तर पहिल्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते. मराठीत त्याला उद्धरण किंवा संदर्भन असेही म्हणतात, पण प्रयोगशाळांमधून ऐकू येतो तो शब्द सायटेशन हाच, म्हणून येथेही तोच वापरला आहे. थोडक्यात, ३,५०० सायटेशन म्हणजे या व्यक्तीच्या निरनिराळ्या निबंधांचा नंतरच्या लेखनात एकूण ३,५०० वेळा उल्लेख झाला आहे. त्यात स्तुती किती, टीका किती आणि निव्वळ औपचारिकता म्हणून केलेला उल्लेख किती, याची विभागणी त्या आकड्यात नसते.

अशी मोजणी करता येईल ही कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात मांडली. प्रेरणा त्यांना वकिली व्यवसायातून मिळाली होती. एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार नंतरच्या कोणकोणत्या निवाड्यांत घेतला गेला, तो उचलून धरला गेला की फिरवला गेला, हे सांगणारी ‘शेपर्ड्‌स सायटेशन्स’ नावाची सूची तेथील वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. गारफिल्ड यांनी तीच पद्धत विज्ञानाला लावली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, वकिलांच्या सूचीत निवाडा उचलून धरला की फेटाळला याची खूण असे. विज्ञानाच्या सूचीत आली ती फक्त मोजदाद. शिवाय गारफिल्ड यांचा मूळ हेतू एका निबंधावरून त्याच विषयातील पुढचे निबंध शोधता यावेत हा होता. माणसांची आणि संस्थांची प्रतवारी लावण्याचा वापर नंतर रुळला.

आता महाडकडे वळू. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिम्मतराव बावसकर हे महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा दंश ही नेहमीची आपत्ती होती. जांभ्या दगडाच्या गडग्याच्या फटीत, भाताच्या पेंढ्यात, सरपणाच्या राशीत हात घालावा आणि विंचवाने नांगी मारावी, असे भर उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर वारंवार घडे. रुग्णाला दरदरून घाम सुटे, उलट्या होत, हातपाय गार पडत. काही तासांत फुप्फुसांत पाणी भरे आणि तोंडाला गुलाबी फेस येऊन धडधाकट माणूस किंवा लहान मूल दगावे. या विषामुळे नसांमधील सोडियमचे मार्ग बंद होण्यास उशीर लागतो, शरीरातील ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबाखाली थकते. बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणे क्रमाने टिपली आणि १९८२ मध्ये ती ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त, तोंडाने घेण्याचे औषध या रुग्णांना देण्यास सुरुवात केली, कारण ते नेमक्या त्याच आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच त्याविषयीचे, दोन पानांत मावलेले त्यांचे टिपण आले. गंभीर दंशाच्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण पूर्वी तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात होते, ते प्राझोसिनच्या वापरानंतर एक टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी सांगतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे काम सायटेशनच्या हिशेबात कोठे बसते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. विंचूदंशावर जगात संशोधन करणारे गट मुळात मोजके आहेत, कारण हा आजार भारत, इराण, उत्तर आफ्रिका, मेक्सिको, ब्राझील अशा प्रदेशांत, आणि तेथेही मुख्यतः गरीब, ग्रामीण माणसांना होतो. निबंध लिहिणारेच थोडे असतील तर एकमेकांचा उल्लेख करणारेही थोडेच असणार. याउलट स्तनाच्या कर्करोगावर किंवा मधुमेहावर दरवर्षी हजारो निबंध निघतात, प्रत्येकाच्या शेवटी चाळीस-पन्नास संदर्भ असतात, आणि त्या क्षेत्रात मध्यम दर्जाच्या निबंधालाही तुलनेने सहज सायटेशन मिळून जातात. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात किंवा अन्य कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात ज्या डॉक्टरने ती गोळी देऊन रुग्ण वाचवला, त्याने काही शोधनिबंध लिहिला नाही. म्हणून त्या वाचलेल्या जिवाची नोंद कोणत्याही सायटेशन सूचीत नाही. या मोजणीतील सर्वांत मोठी उणीव माझ्या मते हीच आहे, आणि ती हिशेबाच्या पद्धतीतच मुरलेली असल्याने अधिक काटेकोर मोजून भरून निघणारी नाही. सायटेशन सांगते की, लिहिणाऱ्या संशोधकांना या कामाचा उल्लेख किती वेळा करावासा वाटला.

कोकणातल्या इतर आजारांनाही हे लागू पडते. भाताच्या खाचरात अनवाणी उतरणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस, किंवा २०१६ पासून दोडामार्ग तालुक्याच्या परिसरात आढळलेला माकडताप, यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा तुलनेने थोड्याच. माकडताप तर पश्चिम घाटाच्या पट्ट्यापलीकडे फारसा आढळतच नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात तो प्रथम सापडला आणि त्याच जंगलाच्या नावाने शास्त्रज्ञ त्याला ओळखतात. अशा विषयाला आयुष्य देणाऱ्या संशोधकाचे सायटेशन पुण्या-मुंबईत कर्करोगावर काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या सायटेशनशेजारी मांडून तुलना करणे सरळसरळ अन्यायाचे आहे. हा दोष घालवण्यासाठी क्षेत्रनिहाय तुलना करणारी मोजमापे निघाली आहेत. त्यांत त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या निबंधांची जागतिक सरासरी १ धरतात, १.५ आले तर त्या निबंधाला सरासरीपेक्षा दीडपट सायटेशन मिळाली, ०.६ आले तर कमी. सत्काराच्या पत्रिकेत हा आकडा जवळजवळ कधीच नसतो, आणि खरे तर तोच असायला हवा.

आता त्या ‘एच-इंडेक्स २८’कडे. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे मोजमाप सुचवले. एखाद्याच्या निबंधांना मिळालेली सायटेशन मोठ्यापासून लहानाकडे अशी उतरत्या क्रमाने लिहावीत आणि वरून मोजत यावे. जोवर निबंधाचा क्रमांक त्याच्या सायटेशनच्या संख्येपेक्षा मोठा होत नाही तोवर खाली जावे. समजा, एका संशोधिकेच्या सहा निबंधांना अनुक्रमे ९०, ४०, १२, ६, ५ आणि ३ सायटेशन आहेत. पाचव्या निबंधाला पाच सायटेशन आहेत, सहाव्याला तीनच, म्हणून तिचा एच-इंडेक्स ५. दुसऱ्या एका संशोधकाच्या सहा निबंधांना ९, ८, ७, ६, ५ आणि ४ सायटेशन आहेत. त्याचाही एच-इंडेक्स ५ च. पहिलीची एकूण सायटेशन १५६ आणि दुसऱ्याची ३९ आहेत, तरी या मोजपट्टीवर दोघे समान. पहिलीच्या ९० सायटेशनच्या निबंधाला उद्या नऊ हजार सायटेशन मिळाली, तरी तिचा एच-इंडेक्स ५ वरून हलणार नाही.

एखादाच गाजलेला निबंध आणि बाकी सगळा शुकशुकाट, अशा परिस्थितीत एकूण सायटेशनचा आकडा फसवतो. ते टाळावे म्हणूनच हिर्श यांनी ही युक्ती काढली होती. पण तिचे स्वतःचे दोष आहेत. हा आकडा कधीच कमी होत नाही. संशोधकाने काम थांबवले तरी जुन्या निबंधांच्या जोरावर तो वाढत राहू शकतो. तिशीतील तरुण संशोधक कितीही चमकदार असला तरी त्याचा एच-इंडेक्स पन्नाशीतील मध्यम संशोधकाच्या बहुधा खालीच राहतो. कोणताही एकच आकडा माणसाच्या बहुपेडी कामाचा फार तर ढोबळ अंदाज देऊ शकतो, हे हिर्श यांनी मूळ निबंधातच लिहून ठेवले आहे; ते वाक्य मात्र त्यांच्या सूत्राइतके प्रसिद्ध झाले नाही.

आणखी एक आकडा वारंवार कानांवर येतो तो इम्पॅक्ट फॅक्टरचा, आणि त्याबाबत गैरसमज सर्वांत जास्त आहे. तो नियतकालिकाचा असतो. संशोधकाचा नसतो आणि निबंधाचाही नसतो. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत एखाद्या नियतकालिकाने छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेल्या सायटेशनना त्या दोन वर्षांतील निबंधांच्या संख्येने भागले की त्याचा २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो. गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी अर्व्हिंग शेर यांनी तो आपल्या सूचीसाठी नियतकालिके निवडताना वापरला. सरासरीचा धोका आंबा बागायतदाराला वेगळा सांगायला नको: शंभर कलमांपैकी दहांवर लगडून फळ आले आणि नव्वदांवर मोहोर करपला, तरी झाडागणिक पेट्यांची सरासरी कागदावर बरीच दिसते, पण ती सरासरी करपलेल्या कलमाच्या बुंध्यावर लिहून काय उपयोग? नियतकालिकांतही थोड्या निबंधांना बहुसंख्य सायटेशन मिळतात आणि उरलेल्यांना अगदी मोजकी. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये दोनच्या आसपास होता, तो २००९ साठी एकदम पन्नासच्या जवळ गेला, आणि त्याचे कारण एकच लेख होता: स्फटिकांची रचना काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालीचा इतिहास सांगणारा. त्या वर्षी तेथे छापलेल्या बाकीच्या लेखकांचे काम पंचवीसपट सुधारले असे कुणी म्हणणार नाही.

सर्वाधिक सायटेशन कोणत्या कामाला मिळतात, हेही पाहण्यासारखे आहे. द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण कसे मोजावे हे सांगणारा ऑलिव्हर लाऊरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ मधील निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ मधील निबंध त्याच्या जवळपासही नाही. प्रयोगशाळेत रोज लागणारी पद्धत ज्याने दिली त्याचा उल्लेख प्रत्येकाला करावा लागतो. उलट एखादे सत्य पाठ्यपुस्तकात जाऊन बसले की त्याचा मूळ निबंध उद्धृत करण्याचे भान कुणाला राहत नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्यांच्या कामाचा आढावा घेणारे लेख, स्वतः केलेल्या नव्या प्रयोगाच्या निबंधापेक्षा सरासरीने अधिक उद्धृत होतात. तेव्हा एखाद्याच्या यादीत सायटेशनचा डोंगर दिसला, तर तो आढावा लेखांवर उभा आहे की मूळ शोधांवर, हे पाहून घ्यावे.

उशिराने कळणारे कामही असते. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू एक विष सोडतात आणि आतड्यातील पाणी त्या विषामुळेच बाहेर ओढले जाते, हे सशांवरील प्रयोगांतून दाखवले आणि १९५९ मध्ये ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. हे आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो, पण त्या काळी अनेक वर्षे त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही आणि देशात मोठा सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी पटकीच्या संशोधनावर लिहिताना त्यांच्या कामाचे मोल ठळकपणे मांडले ते सायटेशनची मोजणी सुरू करणाऱ्या गारफिल्ड यांनीच.

लेखकांच्या क्रमाचा प्रश्न मराठी वाचकाला सहसा सांगितला जात नाही. जैववैद्यकीय निबंधात पहिले नाव प्रत्यक्ष काम केलेल्याचे, बहुधा तरुण संशोधकाचे असते आणि शेवटचे नाव प्रयोगशाळा चालवणाऱ्या ज्येष्ठाचे. मधल्या नावांचा वाटा मोठा असू शकतो किंवा एखादा नमुना पुरवण्याइतकाच. जगभरातील आजारांचे ओझे मोजणाऱ्या प्रकल्पांच्या निबंधांवर शेकडो लेखकांची नावे असतात. असा निबंध हजारो वेळा उद्धृत झाला की ती सगळी सायटेशन प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात, वाटून मिळत नाहीत. म्हणून ३,५०० पैकी २,००० सायटेशन अशा एखाद्या निबंधाची असतील, तर पत्रिकेतील आकडा खरा असूनही दिशाभूल करतो.

लबाडीचे प्रकार थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण त्यांची चर्चा वर्तमानपत्रांत पुरेशी होते. स्वतःचेच जुने निबंध गरज नसताना उद्धृत करणे, चारसहा जणांनी ठरवून एकमेकांना उद्धृत करत राहणे, पैसे भरून कोणतीही तपासणी न करता छापणाऱ्या नियतकालिकांत संख्या वाढवणे, हे सर्व चालते आणि भारतात ते कमी चालत नाही. बढतीला निबंधांची संख्या जोडली की निबंध पैदा होतात, यात नवल ते काय! याहून सूक्ष्म बाब ही की, वाईट कामालाही भरपूर सायटेशन मिळू शकतात. गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ मधील निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, तो खोडून काढणाऱ्यांनीही त्याचा उल्लेख केला आणि त्याच्या सायटेशनमध्ये भरच घातली.

या सर्वांचा अनुभव घेतल्यावर संशोधकांनीच सावध सूर लावला. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत ठरवू नये, असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१५ मध्ये लायडन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला मूल्यमापनात संरक्षण द्यावे असे सुचवले. दुसरा मुद्दा कोकणाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे, कारण इंग्रजी नियतकालिकांच्या सूचीत न बसणारे, मराठीत किंवा शासकीय अहवालात छापलेले आरोग्यविषयक काम या मोजणीत शून्य धरले जाते.

तरीही कुणा संशोधकाच्या कामाचा अदमास घ्यायचा असेल, तर एक चांगला मार्ग असा आहे. पबमेड हे वैद्यकीय निबंधांचे सूचीस्थळ सर्वांना मोफत खुले आहे. त्यात नाव घालून, त्या व्यक्तीचे नाव पहिले किंवा शेवटचे आहे असे निबंध निवडावेत आणि त्यांचे सारांश वाचावेत. गुगल स्कॉलरवर सायटेशनचा आकडा दिसतो, पण ते प्रबंध, अहवाल, पुस्तके असे सगळेच धरत असल्याने त्याचा आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक नियतकालिकांवर भर देणाऱ्या सूचींपेक्षा बहुधा मोठा येतो. म्हणून दोन व्यक्तींची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे असावेत. आकड्यावर टिचकी मारली की उल्लेख करणाऱ्या निबंधांची यादी उघडते. त्यातील दहा-बारा शीर्षके नजरेखालून घातली तरी उल्लेख करणारे कोण आहेत, कोणत्या देशांतील आहेत, आणि त्यांत रुग्णालयांसाठीची उपचार-मार्गदर्शक तत्त्वे आहेत का, हे समजते. वैद्यकातील प्रभाव शोधायचा तर हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, आणि विंचूदंशाच्या बाबतीत तेथेच प्राझोसिन भेटते.

बावसकर पती-पत्नींचा महाडमधील अभ्यासही असाच वाचण्याजोगा आहे. त्यात ७० रुग्णांचे दोन गट पाडून एकाला नुसते प्राझोसिन आणि दुसऱ्याला प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचे प्रतिविष दिले होते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२ होते आणि पहिल्या गटात ३५ पैकी ८. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ मध्ये आलेला हा निबंध पूर्णच्या पूर्ण मोफत वाचता येतो. ही सोय सर्वत्र नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवून सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना आणि संशोधनसंस्थांना खुली केली आहेत, त्यामुळे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ती वाचता येतील. पण महाडसारख्या तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर, ज्याच्याकडे रात्री-अपरात्री दंशाचा रुग्ण आधी येतो, तो या योजनेच्या बाहेरच आहे.